धाकटीची टाचणी

सोमवारी सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दोन पानी अहवाल लिहायला सांगितलं. विषय असा, की आपल्या ऑफिसात तो फुकटचा एडिटर आणावा की नाही, त्याचे फायदे काय आणि तोटे काय. एडिटर म्हणजे आम्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची वही आणि पेन. दिवसभर आमचं डोकं त्यातच खुपसलेलं असतं. आमच्याकडे अकरा वर्षं विकतचा एडिटर आहे, आणि त्यातली कोणती सोय कुठल्या कोपऱ्यात दडलीय हे माझ्याइतकं ऑफिसात कुणाला माहीत नाही. कुणाचं काही अडलं की खुर्ची सरकवत माझ्या टेबलाशी येतात. ते मला आवडतं, हेही सांगून टाकते.

"तुम्हीच लिहा. शुक्रवारी दुपारपर्यंत द्या," साहेब म्हणाले. "आणि त्या टाचणीचं जरा नीट बघा. सगळे म्हणतात, त्या एका टाचणीसाठी तरी तो एडिटर घ्यावा. तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला."

मी मान डोलावली आणि बाहेर आले. टाचणी हे त्या एडिटरला वरून जोडायचं एक छोटंसं प्लगइन आहे. ते लिहिणारी बाई माझ्याच घरात, खालच्या मजल्यावर राहते आणि ती माझी धाकटी जाऊ आहे, हे साहेबांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. सांगायला गेलं असतं तर बरंच काही सांगावं लागलं असतं.

मला माझ्या जावेचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही. तिचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं, आणि ते सासूबाईंनी केलं तर दोन दिवस दुखतं. त्यात ती वाईट असती तर गोष्ट सोपी होती. माझं दुर्दैव असं की तिच्यात नाव ठेवायला जागा नाही, आणि मी शोधायची बाकी ठेवलेली नाही.

लग्न होऊन आली तेव्हा धाकटी कपडेदुरुस्तीच्या एका दुकानात कामाला होती. नवे कपडे शिवायचं ते दुकान नव्हतं. लोकांनी आणलेल्या पँटची उंची कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, फाटलेलं अस्तर बदलायचं. आठ वर्षं तिनं तेच केलं. गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या की माणूस आपोआप कमी बोलतं, आणि ती सवय तिला अशी लागली की टाचण्या नसतानाही ती चार शब्दांचं काम दोनात भागवायची. मी मात्र दोनाचं काम चोवीस शब्दांत करते. घरात दोन सुना, आणि पाहुण्यांना शांत ती आवडायची.

त्या दुकानाच्या मालकीणबाईंचा एक नियम होता. कपडा हातात घेतला की डबीतून बारा टाचण्या मोजून काढायच्या, आणि कपडा परत देण्याआधी बारा मोजून डबीत ठेवायच्या. अकराच भरल्या तर कपडा दुकानाबाहेर जायचा नाही, गिऱ्हाईक दारात पाय आपटत उभं असलं तरी. धाकटी घरी सासऱ्यांच्या शर्टाचं बटण लावायची तेव्हासुद्धा डबी समोर ठेवून मोजायची. सासरे गमतीनं विचारायचे, "भरल्या का गं?" आणि ती मान हलवायची.

पुढे मालकीणबाईंची नजर कमी झाली आणि दुकान बंद झालं. महिनाभर धाकटी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. एका रविवारी जेवताना तिनं मला विचारलं, "ताई, तुमचं काम मला शिकता येईल का?"

माझ्या दिराचा घास हातातच राहिला. मी हसले. वाईट हसले नाही, पण हसले. माझ्या पदवीला चार वर्षं लागली होती आणि पदवीनंतरही पहिली दोन वर्षं मी नुसती घाबरून होते. ही बाई पँटच्या कडा दुमडायची आणि म्हणत होती, तुमचं काम शिकते. तरी सासूबाई समोर होत्या, त्यामुळे मी म्हणाले, "का नाही, शीक की."

माझा जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. त्याची दोन बटणं उडालेली आणि बॅटरी पार गेलेली. विकतचा एडिटर त्या खटाऱ्यावर चालेना, म्हणून मी दहा मिनिटांत तो फुकटचा घालून दिला. "हा घे," म्हटलं, "कुणी पैसे मागायला येणार नाही." माझा अंदाज असा की महिनाभरात ती कंटाळेल, लॅपटॉप कपाटात परत जाईल आणि मोठेपणा तेवढा माझ्याकडे राहील. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हणजे आणखी काय करायचं असतं?

त्यानंतर ती दोनदा वही घेऊन वर आली. दोन्ही वेळा मी म्हटलं, आज वेळ नाही. तिसऱ्यांदा ती आली नाही, आणि मी समजले की कंटाळली.

कंटाळली नव्हती. चारेक महिन्यांनी मी खाली गेले तर ती त्या एडिटरचाच कोड उघडून बसली होती. हा एडिटर ओपन सोर्स आहे, म्हणजे तो कसा बनवलाय ते कुणालाही उघडून बघता येतं. बघता येतं हे आम्हा सगळ्यांनाच माहीत असतं. प्रत्यक्ष बघत कुणी नाही. मी इतक्या वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"उलटा करून बघतेय," ती म्हणाली. "दुकानात नवीन काही शिकायचं असलं की आम्ही चांगला शिवलेला कपडा उलटा करायचो. आतली शिवण बघितली की कळतं, कुठून सुरुवात केली." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमच्यावाल्याला अस्तर लावलंय. आतलं काहीच दिसत नाही."

तुमच्यावाल्याला. इतकी वर्षं ज्याच्या जिवावर मी ऑफिसात मान ताठ ठेवून चालले त्याला ती तुमच्यावाला म्हणाली, आणि अस्तराचं म्हणाली ते खरंच होतं. मी वर निघून गेले.

आता अर्ध्या किलोची गोष्ट. आमची कंपनी दुकानांतल्या वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहिते. काट्यावर काही ठेवलं की आकडा दाखवायचा, एवढंच ते काम, पण ते चुकलं तर सगळा बाजार बोंब मारतो. एकदा तपासणी करताना मला दर वेळी काट्यावर वजन ठेवायचा कंटाळा आला, म्हणून मी कोडमध्ये एक तात्पुरती ओळ घातली, की वजन कायम पाचशे ग्रॅम धर. काम झाल्यावर ती काढायची होती. ती राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस दुकानांत बटाटे पाचशे ग्रॅम, कलिंगड पाचशे ग्रॅम, आणि एका गिऱ्हाइकानं रागानं काट्यावर हात आपटला तर तो हातही पाचशे ग्रॅम.

घरी ही गोष्ट मी जेवताना सांगितली. सांगताना चूक ऑफिसातल्या एका नव्या मुलीच्या माथी मारली, ते सोडा. सगळे पोट धरून हसले. धाकटी हसली नाही. ती म्हणाली, "टाचणी राहिली."

"काय?"

"कपड्यात टाचणी राहिली तर गिऱ्हाइकाला टोचते. तुमच्याकडे टाचण्या मोजत नाहीत का?"

मोजत नाहीत. जगात कुठे मोजत नसावेत. आम्ही तात्पुरतं काहीतरी घालतो, लक्षात ठेवू म्हणतो आणि विसरतो. दोन महिन्यांनी धाकटीनं ते प्लगइन लिहिलं. कोडमध्ये तात्पुरती ओळ घातली की तिथं एक टाचणी लावायची. कडेला एक छोटा लाल ठिपका दिसतो. काम पुढे पाठवायला गेलं की प्लगइन ठिपके मोजतं आणि सांगतं, तीन टाचण्या काढायच्या राहिल्यात, कपडा देऊ नका. बस, एवढंच. एखाद्या लहान मुलालाही सुचावं असं, आणि मला ते इतक्या वर्षांच्या नोकरीत सुचलं नव्हतं. चूक माझी आणि नाव तिचं.

तिनं ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. आधी दहा जणांनी घेतलं, मग शंभरांनी, मग मी आकडा बघायचं सोडून दिलं. म्हणजे सोडलं नव्हतं. रोज सकाळी ऑफिसात पोचले की आधी तोच बघायचे. कुठल्या कुठल्या गावांहून लोक तिला लिहायचे, तुमच्या टाचणीनं वाचवलं. दीर ती पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचा. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते मी तोपर्यंत फक्त ऐकलं होतं.

आणि सासूबाई. माझं लग्न झाल्यापासून त्या शेजारणींना माझ्याबद्दल सांगायच्या, "थोरली कुठल्याशा ऑफिसात काहीतरी करते." एक दिवस मी जिन्यात होते आणि त्या दारात कुणाला तरी सांगत होत्या, "आमची धाकटी कम्प्युटरमधली आहे." मी तिथंच पायरीवर बसले. हातात ऑफिसची बॅग होती, तिच्यात ऑफिसचा कम्प्युटर होता, आणि कम्प्युटरमधली ती होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी टाचणीच्या पानावर एक खोटं खातं उघडलं. नाव ठेवलं स्पष्टवक्ता. पुरुषी वाटावं म्हणून.

अशा खुल्या कामांची एक रीत असते. ज्याला काही खुपेल त्यानं तक्रार लिहायची, ती सगळ्यांना दिसते, आणि ज्यानं ते लिहिलंय त्यानं उत्तर द्यायचं. स्पष्टवक्त्याची पहिली तक्रार अशी होती: "हे प्लगइन कुणी अडाण्यानं लिहिलेलं दिसतं. मोठी फाईल उघडली की एडिटर कासवासारखा चालतो. ज्यांना येत नाही त्यांनी भर घालू नये." लिहून झाल्यावर मला डबा गोड लागला. उत्तर आलं तीन दिवसांनी: "तुमचं बरोबर आहे. दुरुस्त केलं. बघून सांगाल का?"

बघितलं. खरंच दुरुस्त केलं होतं. माझा आणखीच जळफळाट झाला.

मग मी दुसरी लिहिली, तिसरी लिहिली. पण नुसत्या शिव्या किती देणार, त्यालाही काहीतरी आधार लागतो. म्हणून मी तिचा कोड ओळीन् ओळ वाचायला लागले. अमुक ठिकाणी तू एकच गोष्ट दोनदा मोजतेस, त्यामुळे वेळ जातो. तमुक ठिकाणी फाईल रिकामी असली तर काय होईल याचा विचारच केलेला नाही. ही पद्धत जुनाट आहे, त्याऐवजी अशी असते. दोन वर्षांत तेवीस तक्रारी लिहिल्या. तेवीस वेळा उत्तर आलं, "तुमचं बरोबर आहे." मी खोट काढायची आणि ती ती बुजवायची, आणि टाचणी दिवसेंदिवस देखणी होत चालली. माझ्या हातून तिचं वाकडं काही होईना.

एकदा तर हद्द झाली. एके ठिकाणी तिनं साध्या गोष्टीसाठी चाळीस ओळी लिहिल्या होत्या. तक्रार लिहायला बसले आणि मला ते बघवेना. कुणी चुकीच्या पद्धतीनं कांदा चिरत असलं की हातातली सुरी घ्यावीशी वाटते, तसं झालं. मी त्या चाळीसच्या सहा ओळी केल्या आणि दुरुस्ती स्पष्टवक्त्याच्या खात्यावरून पाठवून दिली. तिनं ती घेतली. त्या दिवशी मला तिचा राग आला नाही, एवढं आठवतं.

तर हे सगळं पोटात ठेवून मी तो अहवाल लिहायला बसले. बुधवारपर्यंत फायदे लिहून झाले. ते लिहिताना मी प्रामाणिक होते, कारण त्यात नाकारण्यासारखं काही नाही. तो फुकट आहे. जुन्या यंत्रावर चालतो; माझ्या खटाऱ्यावर चालला तर कशावरही चालेल. हवी ती भाषा लिहा, हवं ते प्लगइन जोडा, नको ते काढा. आतलं सगळं उघडं आहे. काही बिघडलं तर निदान बघता तरी येतं. विकतच्यात बिघडलं की मदतीच्या नंबरवर एक अतिशय गोड आवाज म्हणतो, बंद करून पुन्हा चालू करून बघा.

तोटेही खरेच होते. एक तर त्याला स्वस्थ बसवत नाही. दर थोड्या दिवसांनी नवी आवृत्ती येते आणि काल लावून ठेवलेलं आज जागेवर सापडत नाही. प्लगइनं एकमेकांशी भांडतात. प्रत्येक एकटं चांगलं आणि चार एकत्र आली की घर डोक्यावर घेतात. दहाबारा जोडली की हलका म्हणून आणलेला एडिटर सगळी मेमरी खाऊन बसतो. रंग आणि अक्षरं निवडायला इतकी मोकळीक आहे की आमच्यातला एक जण घरी तो वापरतो, तर सुट्टीची सबंध सकाळ अक्षराचं वळण ठरवण्यात घालवतो आणि दुपारी म्हणतो, दमलो. आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे काही झालं तर धरायचं कुणाला? प्लगइन कुणीही लिहितो. त्याचं मन असेपर्यंत चालवतो. त्याचं मन उडालं की तुम्ही रस्त्यावर.

गुरुवारी सकाळी मी टाचणीवर आले. तिथं मी लिहिलं: "हे प्लगइन एकाच व्यक्तीनं लिहिलेलं आहे. त्या व्यक्तीचं या विषयातलं शिक्षण झालेलं नाही. दोन वर्षांत त्यावर तेवीस गंभीर तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. यावर अवलंबून राहू नये."

यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि त्याचंच मला फार समाधान वाटलं. साहेब म्हणाले होते, तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला. विषय संपणार होता. माझ्या टेबलाशी खुर्च्या सरकत येणार होत्या, आणि निदान माझ्या ऑफिसात तरी कम्प्युटरमधली मीच राहणार होते.

पुरावा म्हणून तक्रारींची यादी जोडायची होती. दुपारी डबा खाताना मी टाचणीचं पान उघडलं आणि यादी मोजत खाली खाली गेले. अगदी तळाशी, जिथं आजवर कधी गेले नव्हते, तिथं एक चौकट होती: ज्यांच्या हाताचं काम यात आहे ते. सात नावं होती. पहिलं धाकटीचं. दुसरं माझं.

स्पष्टवक्ता नव्हे. माझं खरं नाव, आडनावासकट, आणि त्याखाली ऑफिसचा ईमेल पत्ता.

तक्रार खात्यावरून जाते, तिच्यावर खात्याचं नाव असतं. पण दुरुस्ती यंत्रावरून जाते, आणि ज्या यंत्रावर ती केली त्याच्यात भरून ठेवलेलं नावगाव तिच्या पोटातून आपोआप पुढे जातं. ते नाव यंत्रात एकदाच भरायचं असतं. मी माझं भरलं होतं ऑफिसचा हा कम्प्युटर हातात आला त्याच दिवशी. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मीच हे समजावून सांगते, की कामावर तुमचं नाव राहतं, तेव्हा जपून. हात दाखवून अवलक्षण करायचं तर माझ्याकडून शिकावं. दुरुस्तीची तारीख बघितली. दीड वर्ष झालं होतं. त्यानंतरच्या चौदा तक्रारी लिहिताना ती मला नावानिशी ओळखत होती, आणि चौदा वेळा तिनं लिहिलं होतं, तुमचं बरोबर आहे.

मी अहवाल पाठवला नाही. संध्याकाळी घरी आले आणि वर न जाता सरळ खाली गेले.

धाकटी खिडकीपाशी टेबलावर होती. एका बाजूला माझा जुना लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला दिराची पँट. ओठांत दोन टाचण्या.

"तुला माहीत होतं," मी दारातूनच म्हणाले.

तिनं टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "काय, ताई?"

"स्पष्टवक्ता."

"हो."

"कधीपासून?"

"ती सहा ओळींची दुरुस्ती आली तेव्हापासून. नाव होतं की त्यावर."

मला वाटलं होतं, ती रडेल नाहीतर भांडेल. भांडली असती तर फार बरं झालं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. ती नुसती पँटची कड सारखी करत राहिली.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही लिहायचं बंद केलं असतं."

"लिहायचं? अगं, शिव्या देत होते मी तुला."

"पहिल्या तीन शिव्या होत्या," ती म्हणाली. "पुढच्यांत शिकवणं होतं. तुमच्या लक्षात आलं नसेल." तिनं टेप गळ्यातून काढून गुंडाळली. "मी वही घेऊन दोनदा वर आले होते. तुम्हाला वेळ नव्हता. त्या स्पष्टवक्त्याला होता. म्हटलं, शिकवतोय ना, मग कसा का बोलेना."

इतकं लांब ती पहिल्यांदाच बोलली असेल. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, कोण आलंय, आणि धाकटी म्हणाली, ताई आहेत.

"लागलं नाही तुला?" मी विचारलं.

"लागलं की. पहिली वाचल्यावर दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही. मग उघडून बघितलं तर तो खरंच कासवासारखा चालत होता."

मी तिला अहवालाचं सांगितलं. उद्या दुपारपर्यंत द्यायचाय, आणि मी त्यात काय लिहिलंय, तेही शब्दन् शब्द सांगितलं. माझे शब्द तिच्यासमोर म्हणताना मला ऐकवेनात. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"खरंच आहे," ती म्हणाली. "शिक्षण नाही. तेवीस तक्रारी आहेत. फक्त मिटलेल्या किती तेही लिहा."

"किती?"

"तेवीस." तिनं टाचण्यांची डबी बंद केली. "तेवीस काढल्या, तेवीस परत ठेवल्या. कपडा द्यायला हरकत नाही."

शुक्रवारी सकाळी मी तो परिच्छेद खोडून नव्यानं लिहिला. टाचणी माझ्या धाकट्या जावेनं लिहिलेली आहे. तिच्यावरच्या तेवीस तक्रारी माझ्या आहेत, खोट्या नावानं केलेल्या. तेवीसही रास्त होत्या आणि तेवीसही मिटल्या आहेत. अर्ध्या किलोच्या वेळी टाचणी आपल्याकडे असती तर ते झालं नसतं. तोटे वर लिहिले आहेत, ते जमेस धरूनही एडिटर घ्यावा. खाली सही केली.

साहेबांनी दोन्ही पानं माझ्यासमोर वाचली. दुसऱ्या पानावर थांबले. "खोट्या नावानं का?"

"हेवा वाटत होता."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. ते काय म्हणतात याकडे माझा जीव लागला होता. ते म्हणाले, "जाऊबाईंना एक दिवस इकडे बोलवाल का? सगळ्यांना त्याच शिकवू देत."

माझी पोटदुखी कमी झाली असेल असं वाटत असेल तर सांगते, तेव्हाही दुखलं. ती आली त्या दिवशी मी सगळ्यात मागच्या रांगेत बसले. तिनं टाचण्यांची डबी सोबत आणली होती. बारा काढून टेबलावर ठेवल्या, एक मुठीत लपवली आणि विचारलं, आता कपडा द्यायचा का? सगळी खोली हसली आणि सगळ्यांना कळलं. मी सतरा वर्षांच्या नोकरीत कुणाला एवढ्या थोडक्यात काही समजावलं नव्हतं. हल्ली एडिटरचं काही अडलं की माझ्या टेबलाशी फार कुणी येत नाही. तिला लिहितात.

घरी अर्ध्या किलोचंही खरं सांगून टाकलं. सासरे म्हणाले, "आम्हाला तेव्हाच वाटलं होतं." एवढ्या वर्षांत माझ्या थापेला या घरात कुणी भुललं असेल का, याची मला आता शंका येते.

मागच्या आठवड्यात मला टाचणीत पुन्हा एक खोट सापडली. मोठी होती. दुपारच्या सुट्टीत मी चोविसावी तक्रार लिहिली, या वेळी स्वतःच्या नावानं, आणि मनातून खूश झाले, कारण ही तिला सुटणार नाही याची मला खात्री होती. संध्याकाळी उत्तर आलं.

"ताई, या वेळी तुमचं चुकतंय. खाली या, दाखवते."

दोन वर्षांत तिनं मला चूक म्हटलेलं ते पहिल्यांदाच. मी ते चार वेळा वाचलं. ते तिथं सगळ्यांना दिसत होतं, माझ्या आडनावासकट. नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि झोंबणारच होत्या. मग कपाटातून एक कोरी वही काढली आणि जिना उतरून खाली गेले. दारात उभी राहून विचारलं, आत्ता वेळ आहे का. तिला वेळ होता.